चिटोऱ्यांची मागची बाजू

पेनकॅरा
रविवार, ५ फेब्रुवारी १८९९

टॅमसिन,

हे पत्र तुला मॉर्वेना वाचून दाखवणार, म्हणून आधी तिलाच सांगतो. पोरी, मावशीला सावकाश वाचून दाखव, स्वल्पविरामाला थांब आणि मधे मधे स्वतःची मतं घुसडू नकोस. ती सवय तुला तुझ्या आईकडून आलेली आहे.

तर टॅमसिन, तुला प्लिमथला बहिणीकडे जाऊन आज तीन आठवडे झाले. गावात विचारतात त्यांना मी सांगतो, ग्रेसचे गुडघे धरलेत म्हणून गेली आहे. आता किती दिवस गुडघे धरायचे तेही एकदा कळव. शेजारची मिसेस ऑलिव्हर रोज पेस्टी आणून देते. तिच्या पेस्टीच्या पारीत सारण म्हणून नुसता बटाटा असतो. मांस तिच्या नवऱ्याच्या ताटात जात असावं.

तू ज्या कारणानं गेलीस त्यावर मी एवढंच म्हणेन की बिली होस्किंग हा पिणारा माणूस आहे. तो आफ्रिकेहून आला, आपल्या दारात टोपी काढून उभा राहिला आणि आपला जॅगो गेल्या जुलैत जोहान्सबर्गच्या खाणीत छातीच्या दुखण्यानं गेला म्हणाला, ते खरं असेल. ते मी नाकारत नाही. माझाही तो मुलगा होता, हे तू त्या दिवशी विसरलीस. पण 'काकू, जॅगो तुम्हाला दर महिन्याला पत्र लिहायचा, माझ्यासमोर बसून लिहायचा' हे जे तो बोलला, ते ऐकून तू माझ्याकडे जसं वळून पाहिलंस, तसं बत्तीस वर्षांच्या संसारात कधी पाहिलं नव्हतंस. मी 'एकही आलं नाही' म्हणालो. तू म्हणालीस, 'पत्रं द्या मास्तर, मग मी या घरात पाऊल टाकीन.' आणि गेलीस. सुतळी कुठे ठेवली आहेस तेसुद्धा न सांगता.

सुतळीचं महत्त्व मॉर्वेनाला कळणार नाही. पोरी, तुझ्या काकांकडे गेली चौदा वर्षं एका शब्दाचं काम आहे. इंग्रजीचा एक मोठा कोश होतो आहे. देशभरचे वाचक पुस्तकांतली वाक्यं सहा इंच बाय चार इंचाच्या कागदावर उतरवून माझ्याकडे टपालानं पाठवतात, आणि मी ती अर्थाअर्थानं लावतो. तुझी मावशी त्यांना चिटोरी म्हणते. माझा शब्द आहे 'रन'. तुला वाटेल, धावणे, झालं. मलाही तसंच वाटलं होतं. आता अकरा हजार चिटोरी आहेत आणि एकशे चाळीस अर्थ झाले आहेत. घोडा रन होतो, नदी रन होते, नाक रन होतं. मेणबत्ती गळते तेही रन आणि धुण्यात लाल पेटीकोटाचा रंग चादरीला लागतो तेही रन. शाळा चालवणं, जहाज खडकावर चढणं, तलवार आरपार जाणं, कोंबड्यांची जाळी, क्रिकेटची धाव, आपल्या आजोबांनी ब्रँडीची पिंपं कस्टमवाल्यांना चुकवून किनाऱ्यावर उतरवली तेसुद्धा. हा सगळा संसार महिनाअखेर पेटीत भरून कोशाच्या कचेरीत पोचवायचा आहे. शेवटची मुदत आहे. मला गठ्ठे बांधायचे आहेत आणि घरात सुतळी नाही.

तेव्हा उत्तर पाठव. सुतळीचं, आणि परत कधी येतेस त्याचं.

तुझा,
जेकब ननकिव्हेल


पेनकॅरा
रविवार, १९ फेब्रुवारी १८९९

टॅमसिन,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. सुतळी पिठाच्या डब्यामागे सापडली. बाकीच्या तीन ओळींत तू एकच गोष्ट तीनदा सांगितली आहेस. पत्रं द्या, पत्रं द्या, पत्रं द्या.

बरं. एक-दोन आली होती.

आता मॉर्वेना थांबली असेल आणि ग्रेस 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणाली असेल. म्हणू दे. तुला ठाऊक आहे त्या वेळी घरात काय झालं होतं. मी त्या पोराला लॅटिन शिकवलं. सात वर्षांचा होता तेव्हापासून, म्हणजे 'रन' हातात यायच्याही आधी मी कोशाचा नुसता वाचक होतो तेव्हापासून, माझ्याशेजारी बसवून चिटोरी लिहायला शिकवलं. शाई कागदातून फुटते म्हणून कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, हे त्याला चमचा धरायच्या आधी येत होतं. उद्या माझ्यामागे शाळा त्यानं चालवायची, कोशाचं काम त्यानं पुढं न्यायचं, असं मी धरून चाललो होतो. आणि एकोणिसाव्या वर्षी त्यानं काय केलं? खाणीत उतरला. बरोबरची पोरं जातात म्हणून. वर मला म्हणाला, 'बाबा, तुम्ही आयुष्यभर धावणे हा शब्द लिहीत बसलात, मला धावू द्या.' तुला तेव्हा हसू आलं होतं. तू तोंड फिरवलंस, पण मी पाहिलं. मग इथली खाण बंद पडली आणि तो आफ्रिकेला निघाला, तेव्हा मी सांगितलं की या दारातून गेलास तर तुझा कागदसुद्धा या घरात येणार नाही. मी मास्तर आहे. वर्गात एकदा बोललो की बोललो. शब्द मागे घेतला असता तर पुन्हा कुणी ऐकलं असतं का माझं?

आता कुणीच ऐकत नाही ते सोड.

तू म्हणशील, टपाल येताना तू रोज विचारायचीस. हो, विचारायचीस. 'आज जॅगोचं काही?' आणि मी 'सगळी चिटोरीच' म्हणायचो. दिवसाला वीस-वीस पाकिटं यायची, त्यात तुला कुठलं कुणाचं हे कळणं शक्य नव्हतं. तुला वाचायला शिकवतो म्हणून मी लग्नानंतर दोनदा बसलो होतो. तू म्हणालीस, 'घरात एक वाचणारा पुरे.' ही चूक माझी नाही, टॅमसिन. निदान ही तरी नाही.

थंडी आहे. चुलीचा धूर उलटा घरात येतो आणि मी खोकतो. घरी ये.

जेकब


पेनकॅरा
बुधवार, १ मार्च १८९९

टॅमसिन,

पेटी काल गेली. दोन माणसांना उचलावी लागली. गाडीवाल्यानं विचारलं, 'मास्तर, दगड भरलेत का?' मी म्हटलं, 'एक शब्द आहे.' तो माझ्याकडे बघतच राहिला. चौदा वर्षांनी टेबल रिकामं झालं आणि खालचं लाकूड किती डागाळलंय ते दिसलं. मला वाटलं होतं त्या दिवशी आनंद होईल. दिवसभर त्या रिकाम्या टेबलासमोर बसून राहिलो. दुपारी पेस्टी आली ती तशीच पडली.

तू विचारतेस, एक-दोन म्हणजे किती, आणि कुठे आहेत. नीट उत्तर द्या म्हणतेस. देतो.

ती मी जाळली. जशी आली तशी चुलीत घातली. किती होती ते मोजलं नाही. झालं ते वाईट झालं, रागाच्या भरात झालं, आणि आता त्याला इलाज नाही. मी तुझी क्षमा मागतो. हे वाक्य मी याआधी कधी लिहिलेलं नाही, त्यामुळे ते कसं दिसतं मला सांगता येत नाही.

आता तरी ये. दोघं मिळून त्याच्यासाठी रडू. मी अजून रडलेलो नाही, टॅमसिन. मला ते एकट्याला जमत नाही.

तुझा,
जेकब


पेनकॅरा
गुरुवार, ९ मार्च १८९९

टॅमसिन, मॉर्वेना, ग्रेस, जी कोणी हे पाकीट हातात धरलं असेल ती,

हे चुलीत घालू नका. म्हणूनच पाकिटावर बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'जाळली नाहीत.' पोस्टमास्तरनं ते वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. आतापर्यंत सगळ्या गावाला कळलं असेल. कळू दे.

तुझा निरोप मिळाला. 'राखेशी मला बोलता येत नाही. यापुढचं पत्र न उघडता चुलीत टाकीन, म्हणजे फिटंफाट.' तू बोलतेस ते करतेस, हे मला माहीत आहे.

मी खोटं बोललो. जाळली नाहीत. मी कागद जाळू शकत नाही, हे तुला माझ्याइतकं कोण जाणतं? किराणावाल्याच्या पुड्यासुद्धा मी इस्त्री करून ठेवायला लावतो तुला. जाळली म्हणणं सोपं होतं एवढंच. खरं आहे ते त्याहून वाईट आहे, आणि हे लिहायला मला सकाळपासून पाच कागद लागले.

त्याचं पहिलं पत्र त्र्याण्णवच्या मे महिन्यात आलं. मी वाचलं. दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. चौथं उघडलं आणि ठरवलं, वाचायचं नाही, कारण वाचलं की दिवसभर वर्गात माझं चित्त राहत नसे. पण कागद हातात होता. चांगला जाड कागद. एका बाजूला लिहिलेला, दुसरी बाजू कोरी. मी शिकवलं होतं तसाच. त्या महिन्यात वाचकांनी पुस्तकंच्या पुस्तकं पाठवली होती, त्यांतली वाक्यं उतरवायला चिटोरी कमी पडत होती. आणि मी

टॅमसिन, मी ती चिटोऱ्यांच्या कागदात घातली. कापली. एका पत्राची दोन चिटोरी होत. पहिली तीनसुद्धा त्यातच घातली. पुढची आली तशी, पाच वर्षं. पाकीट फोडायचो, कोरी बाजू वर करायचो, ढिगात ठेवायचो. मनात म्हणायचो, लॅटिन सोडून कुदळ धरणाऱ्याचे शब्द एवढ्याच कामाचे. हे मी मनात म्हणायचो. आज कागदावर लिहिलं तर ते माझंच आहे असं वाटत नाही, पण ते माझंच आहे.

म्हणजे पत्रं आहेत. शाबूत आहेत. 'रन'च्या चिटोऱ्यांच्या मागच्या बाजूला आहेत. आणि ती पेटी मीच माझ्या हातानं पाठवून दिली, तुला 'जाळली' लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशीसुद्धा मला ते ठाऊक होतं. पेटी बांधताना ठाऊक होतं. मुदत होती म्हणून बांधली.

उद्या पहाटेच्या गाडीनं कचेरीत जातो. शाळा बंद ठेवली आहे. काय करीन माहीत नाही. माझं पत्र येईपर्यंत मला तोडू नकोस. एवढी एकच भीक घाल.

जेकब


कोशकचेरीजवळच्या खाणावळीतून
बुधवार, २२ मार्च १८९९

टॅमसिन,

सोबत चाळीस पानं आहेत. आधी हे पत्र वाच, मग ती.

संपादकसाहेबांना मी खरं सांगितलं. ते म्हणाले, 'ननकिव्हेल, चिटोरी आता कोशाची आहेत. वाचा, पण एकही या खोलीबाहेर जाणार नाही.' मिस पीट नावाच्या इथल्या जुन्या बाईंना त्यांनी माझ्याबरोबर बसवलं, राखण म्हणून. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असतील. पहिल्या दिवशी नाक वर करून म्हणाल्या, 'चिटोऱ्याची मागची बाजू वाचायची इथं पद्धत नाही.' दुसऱ्या दिवशी एक कागद उलटा करून त्यांनी वाचला आणि माझ्याशी बोलणंच बंद केलं. तिसऱ्या दिवसापासून माझ्याआधी येऊन बसायला लागल्या.

अकरा हजार चिटोरी एकेक उलटी करायची. किराणावाल्याच्या पुड्या, चॅपेलच्या सूचना, पोरांच्या गणिताच्या वह्या, आणि मधेच जॅगो. मी अर्थाप्रमाणे लावली होती ना, त्यामुळे एका पत्राचा वरचा अर्धा घोड्याच्या धावण्यामागे आणि खालचा अर्धा गळक्या नाकामागे. मी माझ्या पोराला एकशे चाळीस अर्थांत विखरून ठेवला होता. दहा दिवस लागले. सत्त्याण्णव तुकडे सापडले. दहा-अकरा सापडलेच नाहीत. त्यानं चोपन्न पत्रं लिहिली होती, टॅमसिन. बिलीनं एका शब्दाचंही खोटं सांगितलं नाही. त्याला माझ्या वतीनं कुणी सांगा.

मेणबत्तीच्या अर्थामागे हे होतं: 'आई, मी तुझ्यासारखी पेस्टी करायला गेलो. कडा उचकटल्या आणि सगळं बाहेर आलं. बिली म्हणतो हिला पेस्टी म्हणत नाहीत, अपघात म्हणतात. कडेला मुरड कशी घालतेस ते बाबांकडून लिहून पाठव.'

आणि जवळजवळ प्रत्येक पत्राच्या तळाशी हे: 'बाबा, हे तुम्हीच वाचणार हे मला माहीत आहे. आईला वाचून दाखवा. रागारागानं वाचलंत तरी चालेल, तुमच्या रागाची तिला सवय आहे. पण वाचून दाखवा.' कधी याच शब्दांत, कधी नुसतं 'बाबा, वाचा ना.' मिस पीटनी एकदा विचारलं, 'आणि तुम्ही वाचून दाखवलंत?' मी पुढचं चिटोरं उलटं केलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आता शेवटचं. हे चाळिसाव्या पानावर आहे, पण मॉर्वेनाच्या तोंडून अचानक ऐकू नकोस, म्हणून इथं लिहितो. गेल्या वर्षीच्या तीन एप्रिलचं पत्र. क्रिकेटच्या धावांमागे होतं, दोन्ही अर्धे एकाखाली एक. 'डॉक्टर म्हणतो छातीत दगडाची धूळ बसली आहे, घरच्या हवेला जा. बोटीत जागा मिळते आहे. बाबा, तुमच्या हातचा एकच शब्द येऊ दे. ये, एवढाच. आला की निघतो. नाही आला तर समजेन दार अजून बंद आहे, आणि इथंच राहीन. राग नाही.'

ते पत्र मेमध्ये आपल्या घरात पोचलं. मी पाकीट फोडलं, कोरी बाजू वर केली. त्यावर मी काय उतरवलं ते समोर आहे, कुठल्याशा पाद्र्यांच्या सामन्यात कुणीतरी अठ्ठावीस धावा काढल्या. सुंदर अक्षर आहे. मी त्या दिवशी मजेत असणार.

एक शब्द, टॅमसिन. मी शब्दांचाच माणूस होतो ना?

मला शिव्या दे. मॉर्वेनाला सगळ्या लिहायला सांग, एकही गाळू नकोस. पण काहीतरी कळव. मी सगळी पत्रं तारखेनुसार लावून माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात उतरवली आहेत, एक कानामात्रा बदललेली नाही. आता ती तुझी आहेत. एवढं मला करता आलं.

मी ती कापली त्याबद्दल क्षमा मागायचं धाडस नाही.

जेकब


प्लिमथ
मंगळवार, २८ मार्च

मास्तर,

मी बोलतेय आणि मॉर्वेना लिहितेय. तिनं रडून दोन कागद भिजवले, हा तिसरा. चुका तिच्या, बोलणं माझं.

तुमची चाळीस पानं आली. मॉर्वेनानं तीन वेळा वाचली. ग्रेसनं आपले गुडघे विसरून खाली बसून ऐकली. पेस्टीचं ऐकून मी हसले.

मग मी पानं हातात घेतली. मला वाचता येत नाही, पण मी आंधळी नाही. ते तुमचं अक्षर आहे. चौदा वर्षं मी ते टेबलाखालून झाडलंय. त्यात माझा पोरगा कुठे आहे? जॅगो 'आई' लिहायचा तेव्हा पहिलं अक्षर मोठं काढून त्याला शेपटी द्यायचा, लहानपणी पाटीवर मला दाखवायचा, 'ही तू.' तेवढं एक मला ओळखता येतं. चाळीस पानांत एकही शेपटी नाही. कागदाला वास येतो तो तुमच्या तंबाखूचा. त्याचा हात जिथं टेकला तो कागद तिकडे खणात, आणि मला काय, तर तुमचं चांगलं अक्षर?

तुम्ही एवढे शिकलेले, मास्तर, आणि चुकीची बाजू उतरवलीत! पुढची बाजू उतरवायची होती. नवे कागद घ्यायचे, घोडे आणि नाकं आणि क्रिकेट त्यावर लिहून त्या साहेबाला द्यायचं. त्या लोकांना शब्द हवेत, ते कुठल्याही कागदावर चालतात. मला वाचता येत नाही म्हणूनच मला कागद हवा. हे तुमच्या डोक्यात आलं नाही. तुमच्या लेखी शब्द उतरला म्हणजे माणूस उतरला.

आता दुसरं. तुम्ही लिहिलंत, 'मी कापली.' एकदा नाही, दोनदा. मास्तर, तुम्ही आयुष्यात कात्री धरलेली नाही. तुमची नखंसुद्धा मी कापते. तुम्ही कागदांचा ढीग आणून ठेवायचात, मी पट्टी लावून सहा बाय चार कापायचे, माप चुकलं तर तुम्ही ओरडायचात. पाच वर्षं. कात्री चालू असायची आणि मी विचारायचे, 'आज जॅगोचं काही?' तुम्ही माझ्या हातांकडे बघत 'सगळी चिटोरीच' म्हणायचात.

मॉर्वेनानं 'मी कापली' वाचलं तेव्हाच मला कळलं. मी काही बोलले नाही. बाहेर जाऊन कोंबड्यांना दाणे टाकले, ग्रेस म्हणते दोनदा टाकले. रात्रभर हात उशाखाली घेऊन पडून होते.

तुम्ही मला वाचवायला खोटं बोललात. आजवर खोटं बोललात ते स्वतःसाठी, हे पहिलंच माझ्यासाठी. ते मी धरून ठेवते. पण त्यानं मी येणार नाही.

खरे कागद आणा. मी कापलेत, मीच जोडीन. साधा धावदोरा घालीन, कागदाला जास्त टोचायला नको. ते होईपर्यंत तुमच्याशी मला काही बोलायचं नाही.

टॅमसिन
(सहीची ही खूण मावशीनं स्वतः केली आहे. मॉर्वेना.)


कोशकचेरीजवळच्या खाणावळीतून
गुरुवार, ६ एप्रिल १८९९

टॅमसिन,

सत्त्याण्णव चिटोऱ्यांची पुढची बाजू नव्या कागदांवर उतरवली. दोन दिवस लागले. तू म्हणालीस तेवढं सोपं काम होतं आणि चौदा वर्षांत मला सुचलं नसतं.

मग साहेबांकडे गेलो. म्हटलं, ही नवी घ्या, ती जुनी मला द्या. ते म्हणाले, 'नियम नियम आहे. मूळ चिटोरं राहिलं नाही तर उद्या वाक्य ताडून कशावरून बघायचं? परत खणात ठेवा.' बरोबर होतं त्यांचं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच बोललो असतो, आणि वर आवाजही चढवला असता. मी परत खोलीत आलो. खणासमोर उभा राहिलो. मिस पीट टाक पुसत होत्या. मी सत्त्याण्णव तुकडे उचलले, माझ्या जेवणाच्या डब्यात घातले आणि झाकण लावलं. त्यांनी बघितलं. उठल्या, मला वाटलं साहेबांना हाक मारतात. त्यांनी दार उघडून धरलं आणि म्हणाल्या, 'मास्तर, डबा आडवा धरू नका, सांडेल.'

जिन्यातच साहेबांनी गाठलं. डबा परत दिला नाही तर प्रस्तावनेतून माझं नाव काढून टाकीन म्हणाले. चौदा वर्षं त्या एका ओळीसाठी मी घरात कुणाला मोठ्यानं बोलू दिलं नाही. 'काढा' म्हटलं आणि खाली उतरलो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून रडलो. एकट्यालाच जमलं. लोक बाजूनं जात होते.

कात्रीचं तुला कळू नये म्हणून मी काय काय रचलं होतं, आणि तुला एका ओळीत कळलं. त्याबद्दल मला काही म्हणता येत नाही. तुझ्या हातांचा त्यात दोष नाही. ढीग मी ठेवत होतो. हे मॉर्वेना, तू मावशीला दोनदा वाचून दाखव, आणि दुसऱ्यांदा वाचताना तिच्या हातांवर हात ठेव.

डबा टपालानं पाठवत नाही. टपालावर माझा विश्वास आहे, माझ्यावर नाही; तो टपालात टाकला तर मी तुझ्या दाराशी यायचं टाळीन. शनिवारी दोन-दहाच्या गाडीनं प्लिमथला उतरतो. तू बोलणार नाहीस, ते मान्य. चहा देऊ नकोस, बस म्हणू नकोस. डबा ग्रेसच्या हातात देईन.

फक्त मॉर्वेनाला एक सांग, की खरे कागद आल्यावर तिनं लगेच वाचायला घेऊ नयेत. पोरगी छान वाचते. पण त्यानं ते काम तिला सांगितलेलं नव्हतं. पाच वर्षं त्यानं एकाच माणसाला सांगितलं. दार लावून घेतलंस तरी मी पायरीवर उभा राहून वाचीन. माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायचा, लाकडी दारातून तुझ्यापर्यंत नक्की पोचेल. शेजारी बाहेर येतील, येऊ देत.

पहिलं पत्र आधी घेईन, त्र्याण्णवच्या मे महिन्यातलं. ते मला सहा वर्षं तोंडपाठ आहे. तरी कागद समोर धरूनच वाचीन.

जेकब